सासवडच्या मुक्कामी चार भावंडं

२०२५च्या वारीला आम्ही डोंबिवलीकर निघालो तेव्हा पाय दुखायच्या आधीच मनं दमलेली होती. २२ एप्रिलला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात अतिरेक्यांनी २६ जणांना मारलं. महाराष्ट्रातले सहा जण गेले, त्यातले तिघे आमच्या डोंबिवलीचे. भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला लोटलेली ती गर्दी आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत बंद असलेलं शहर विसरणं शक्य नाही.

आमच्या सोसायटीतल्या मुलांचा रविवारचा हरिपाठ मी घेते. त्यानंतरच्या रविवारी मुलं आली, पण टाळ कुणी उचलेना. बैसरनला नावं विचारून गोळ्या घातल्या, हे ऐकलेल्या चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "काकू, कुणी नाव विचारलं तर मी कुठलं सांगायचं?" सहावीतला एक मुलगा बाबा लोकलमधून उतरेपर्यंत फोन हातातून सोडत नव्हता. मोठी माणसं त्यांना आपापल्या परीने समजावत होती: देवाची इच्छा, त्यांचं तेवढंच आयुष्य होतं. असं बोलणं मला पटत नाही, तेव्हाही पटलं नाही. ज्या देवाच्या इच्छेने माणसं गोळ्या खातात, त्याच्यापुढे त्या मुलीने हात का जोडावेत? पालकांना मी दोनच गोष्टी सांगितल्या: मोबाइलवरचे ते व्हिडिओ मुलांसमोर लावू नका, आणि ज्याला झोप लागत नाही त्याला शाळेच्या समुपदेशकांकडे न्या. हरिपाठ औषधाच्या जागी नसतो. तो सोबतीला असतो.

१९ जूनला माउलींची पालखी आळंदीहून निघाली. दिवेघाट चढून ती सासवडला आली, की तिथे दोन रात्रींचा मुक्काम असतो. तेव्हा काही मुलं आईबाबांबरोबर डोंबिवलीहून आली. जेजुरीपर्यंतचा टप्पा ती आमच्याबरोबर चालणार होती.

सासवडला सोपानदेवांची समाधी आहे. दर्शनाच्या रांगेत उभं असताना मुलांना सोपानकाका कोण ते सांगायला घेतलं आणि गोष्ट आपोआप चौघांवर गेली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि धाकटी मुक्ता. संन्यास घेतलेला बाप पुन्हा संसारात आला म्हणून गावाने वाळीत टाकलेलं घर. धर्मपीठाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंनी जीव दिला, अशी कथा आहे. मागे राहिली चार पोरं, भिक्षेच्या झोळीसकट. ज्या पादुकांमागे लाखो माणसं चालतात, त्या अशा एका पोरक्या मुलाच्या आहेत. आम्ही मोठी माणसं माउली माउली म्हणतो आणि त्याचं हे पोरकेपण विसरतो. मुलांच्या मात्र ते पटकन लक्षात आलं.

"मग त्यांच्या आईबाबांना विठ्ठलाने का नाही वाचवलं?" सहावीतल्या मुलाने विचारलं.

शेजारी आमच्या दिंडीतले विणेकरी बाबा उभे होते. परभणीकडचे, सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "ते मला नाही ठावं, बाळा. इतक्या वाऱ्या झाल्या, मीबी त्याला हेच इचारतो." आणि गप्प झाले. पुढे काही जोडलं नाही. मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. बहुधा इतकं खरं उत्तर त्याला एप्रिलपासून कुणी दिलं नव्हतं.

एक नववीतला मुलगा मात्र धुमसत होता. "त्यांच्यातल्या सगळ्यांनाच..." म्हणाला आणि थांबला. मी त्याला गप्प केलं नाही. राग येणारच, तो न येता तरच नवल. ज्ञानदेवांनाही आला होता, म्हटलं. लोकांच्या बोलण्याने दुखावून ते झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभं राहून त्यांना समजावलं. जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, असं ती लहानशी पोर म्हणते. मग त्याला बैसरनच्या घोडेवाल्याबद्दल सांगितलं. तो तिथलाच, मुसलमान, पर्यटकांना वाचवताना मारला गेला. २६ जणांत तोही आहे. मुलगा काही बोलला नाही आणि मीही लगेच उत्तराची घाई केली नाही. ताटी आतूनच उघडावी लागते.

संध्याकाळी तंबूसमोर हरिपाठ झाला. विणेकरी बाबांनी सहावीतल्या मुलाला जवळ बसवून टाळ कसा धरायचा ते दाखवलं. दोरी तर्जनीला दोन वेढे देऊन घट्ट करायची, मूठ मात्र सैल ठेवायची, नाहीतर टाळ बोलत नाही, नुसता आपटतो. पोराची बोटं लाल झाली, तरी त्याने टाळ सोडला नाही. पावली सुरू झाल्यावर पुढे-मागे पाय टाकताना त्याला खिशातल्या फोनची आठवणही राहिली नाही. त्याची आई बाजूला उभी होती. कुणातरी अनोळखी बाईने "या माउली" म्हणत तिचे हात धरले आणि फुगडीला ओढलं. दोन महिने घरात सगळ्यांना धीर देत असलेली बाई ती. फुगडी सुटल्यावर त्याच अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं टेकून मोकळेपणी रडली. तू कुठली, काय झालं, असं कुणी विचारलं नाही. पाण्याचा तांब्या आला, मग चहा आला.

जेजुरीला भंडाऱ्यात न्हाऊन मुलं परत गेली. चौथीतली ती मुलगी तर रस्त्यात भेटेल त्याला आपलं नाव सांगत सुटली होती, कारण समोरचा प्रत्येक जण तिच्या पाया पडून तिला "माउली" म्हणत होता.

मी पुढे चालत राहिले. मुलांना एक गोष्ट सांगून ठेवली होती. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघते, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरहून, मुक्ताईची पार जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून, आणि एकादशीच्या आधी सगळ्या वाखरीला येतात. ६ जुलैला एकादशी होती. वाखरीच्या मुक्कामात, कानठळ्या बसवणाऱ्या गजरात, नववीतल्या मुलाचा फोन आला. नेटवर्क तुटत होतं, तो ओरडून विचारत होता, "काकू, मुक्ताई पोचली का?"

"पोचली," मी म्हटलं.

"आणि बाकीचे?"

"सगळे आलेत. नामदेवही पंढरपुराहून घ्यायला आलेत."

त्याने तिथूनच ओरडून बाकीच्यांना सांगितलं आणि मला म्हणाला, पुढच्या रविवारी हरिपाठाला पखवाज आणतो, फक्त शिकवणारं कुणीतरी बघा.