या जेवायला

परवा भर दुपारी विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला, तेव्हा मी नुकताच ताटावर बसलो होतो. बायको माहेरी, अक्कलकोटला. समोर कडक भाकरी, माझ्या हातचं पिठलं आणि शेंगाचटणी. तोंडातून आपसूक गेलं, "या जेवायला." मीटरवरची नजर न काढता तो म्हणाला, "चालू द्या, चालू द्या." मी भाकरी मोडली. ती कडाडली आणि मला एकदम इथिओपियातलं आदिस अबाबा आठवलं.

टॉवेलच्या मागांच्या कामासाठी दहा दिवस गेलो होतो. पहिल्या तीन रात्री हॉटेलच्या खोलीत बॅगेतल्या कडक भाकऱ्याच खाल्ल्या. गादीवर भुगा, मुंग्यांची चंगळ. चौथ्या दिवशी तिथला एक ओळखीचा म्हणाला, सहा वाजता जेवायला नेतो. मी संध्याकाळी सहाला भांग पाडून दारात उभा. तिकडं घड्याळ दिवस उजाडल्यापासून मोजतात. त्यांचे सहा म्हणजे आपले दुपारचे बारा. तो बारालाच येऊन, वाट बघून गेलेला. मग गेलो एकटाच.

आता मला एकट्यानं जेवता येत नाही. म्हणजे जेवतो, पण पहिला घास उचलायच्या आधी कुणाला तरी 'या जेवायला' म्हटल्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही. ही अण्णांची देणगी. कुर्डुवाडीच्या फलाटावर आम्ही पंढरपूरच्या छोट्या गाडीची, त्या अडीच फुटी रुळांवरच्या, वाट बघत बसायचो. आई फडकं सोडायची आणि अण्णा अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "या मंडळी, जेवायला!" मंडळी माना हलवायची, चालू द्या म्हणायची. एकदा मात्र एक धोतरवाला खरंच आला. चपला काढल्या, मांडी घातली आणि चार भाकऱ्या खाऊन उठला. वर आईला म्हणाला, "चटणी झकास हाय, वैनी." अण्णा गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तर आदिसमध्ये वाढणाऱ्या मुलीनं माझ्या पाठीमागं वाकून बघितलं, आणखी कोण येतंय म्हणून. तिथं एका ताटात चौघं जेवतात, एकट्याचं ताट म्हणजे जरा सुतकीच. शेजारच्या टेबलावर एक म्हातारेबुवा होते, तेही एकटेच. त्यांचं ताट आलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातानं ताट दाखवलं आणि म्हणाले, "इनिब्ला."

मी उठलो आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

बुधवार होता. बुधवार-शुक्रवार त्यांचे उपासाचे. मांस, दूध, अंडी बंद, पण कांदा, लसूण, मसूर सगळं चालतं. आपल्या एकादशीनं बघून घ्यावं. परातीएवढं इंजेरा, म्हणजे तिकडची पोळी, त्यावर मसूर, कोबी, पालेभाजी यांचे ढीग. 'शिरो' नावाचं काही आहे म्हटल्यावर मी गोडाच्या तयारीत होतो. निघालं चक्क पिठलं, लालभडक. कडेला सुरळ्या ठेवलेल्या, करड्या, मऊ, कोमट, वर मधपोळ्यासारखी वीण. धंद्यातला माणूस मी. टॉवेल चारशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला चारशे ग्रॅमचा असेल, असा अंदाज करून एक उलगडली आणि हात पुसायला घेतली. बुवांनी माझं मनगट धरलं. तीही इंजेराच होती. खसखशीहून बारीक टेफ नावाचं धान्य दळायचं, पीठ काही दिवस आंबवायचं आणि तव्यावर एकाच बाजूनं भाजायचं. चव आंबूस. तिसऱ्या घासाला आवडायला लागली.

मग बुवांनी एक मोठा थोरला घास केला, मसूर आणि पिठलं नीट गुंडाळून, आणि थेट माझ्या तोंडासमोर धरला. याला गुर्शा म्हणतात, नाही म्हणायचं नसतं, हे सगळं नंतर कळलं. मला यापूर्वी कुणी घास भरवला तो लग्नाच्या पंगतीत. मी जवळजवळ उखाणाच घेणार होतो. तोंड उघडलं. बुवांनी लगेच दुसरा केला. मग तिसरा. तेल त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि ते हसत होते.

पैसे त्यांनीच दिले. हॉटेलवर परतल्यावर त्या ओळखीच्याला फोन करून अर्थ विचारला. इनिब्ला म्हणजे 'चला, जेवू या'. तिकडं जेवताना कुणी दिसलं की म्हणायचंच असतं, रीतच आहे. समोरचे बहुतेक जण मान हलवतात आणि पुढं जातात.

म्हणजे एका माणसाचं ताट होतं ते. अर्धंअधिक मी संपवलं. कुर्डुवाडीच्या त्या धोतरवाल्याला घरात आम्ही वर्षानुवर्षं हसलो होतो.

मीटरवाल्यानं आकडा टिपला, घाम पुसला. दारात चप्पल घालताना त्यानं एकदा ताटाकडं बघितलं. पिठलं दोघांना पुरलं असतं. मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही.