आंबोली : रात्रीचा सडा आणि फोटोवाले

कोल्हापूर, आजरा, आंबोली. धबधबा, गर्दी, भिजलेली कणसं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चीड आली ती रात्री, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर.

जून लागला की जांभ्या दगडाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं. आंबोली टोड त्यातच अंडी घालतो. अंगठ्याएवढा भेक, कुशींवर पिवळे वेडेवाकडे पट्टे. 2009 साली शास्त्राने त्याची नोंद केली आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. वीण सुरुवातीच्या पावसात, थोड्या दिवसांत उरकते. पावसाने ओढ दिली की डबकं आटतं, अंडी दगडावरच वाळतात. त्यात भर म्हणून मॅक्रो लेन्स घेऊन आलेला माणूस गुडघा टेकतो तो नेमका डबक्यात. एका गुडघ्याखाली एका मादीची सगळी वीण जाऊ शकते. रस्ता ओलांडणारा भेक तर गाडीतून दिसतच नाही. ओल्या डांबरावर पानासारखा वाटतो.

खवले मांजराचं दुखणं वेगळं. ते भारतात दूरवर पसरलेलं आहे, कोकणातही आहे, पण संकटग्रस्त. बहुधा एका वेळी एकच पिल्लू. बिबट्यासमोर अंगाची गुंडाळी करून वाचतं, माणसासमोर त्याच युक्तीने फसतं: पळत नाही, सरळ पोत्यात भरता येतं. खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ, तरी औषध म्हणून विकले जातात. 2016मध्ये सायटीसने, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली; चोरटा धंदा चालूच आहे.

म्हणून दोघांना एकच ‘वन्यजीव वाचवा’ फलक लावणं मला पटत नाही. खवले मांजरासाठी खबरे हवेत, जप्ती हवी, आणि बिळाचा फोटो लोकेशनसकट टाकणं बंद व्हायला हवं. टोडचं ठिकाण लपवून उपयोग नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्याला पावसाळ्याच्या तोंडावरच्या रात्री सड्यालगतची वाहनं थांबवून हवीत.

जायचंच असेल तर गाडी मुक्कामावर ठेवा. बुटांचे तळवे आधीच धुऊन पूर्ण वाळवा, दुसऱ्या पाणथळीतली बुरशी बेडकांपर्यंत नेऊ नका. बॅटरीचा झोत आधी पायापुढे, मग पाऊल, तेही उंचवट्यावर. भेक हातात घ्यायचा नाही. छत्री नेऊ नका, वाऱ्यात ती सांभाळताना पाय डबक्यात जातोच. रेनकोट बरा.