जिमखान्याचे सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी पत्र आलं. स्नेहसंमेलनं, सहली, बक्षिसं यांवर बाकीचे लिहितीलच. मला जिमखान्याच्या सरांबद्दलच लिहायचं आहे.

मैदानावर चिखल झाला की सर खेळाचा तास फळ्यावर घेत. एकदा त्यांनी खोलीवरच्या पाटीचाच शब्द घेतला. अर्धा वर्ग ‘जिमखाना’ इंग्रजी समजत होता, अर्धा मराठी. सरांनी आधी शेपूट धरलं. दवाखाना, कारखाना, तोफखाना यांतला ‘खाना’ फारसी, म्हणजे घर किंवा जागा. ‘जिम’वर मात्र घाई करू नका, म्हणाले. साहेबाच्या रॅकेट कोर्टाला हिंदुस्थानीत ‘गेंदखाना’, म्हणजे चेंडूघर म्हणत. त्या गेंदला जिम्नॅस्टिक्सचा रंग चढला आणि जिमखाना झाला, असा यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचा कयास. शब्द बनावट, बहुधा मुंबई इलाख्यात घडलेला; त्यांना सापडलेला पहिला वापर मात्र उत्तरेतल्या रुरकीचा, १८६१ चा. ‘कयास’ हा शब्द सर मुद्दाम दोनदा उच्चारत. व्युत्पत्ती छातीठोक सांगणाऱ्यावर त्यांचा भरवसा नसे. जिम्नॅस्टिक्सच्या मुळाशी ग्रीक ‘गुम्नोस’, म्हणजे उघडा, हे कळल्यावर वर्गात खसखस पिकली. “आपले मल्लखांबवाले काय शेरवानी घालतात?” एवढंच सर म्हणाले.

तेव्हाचा जिमखाना म्हणजे टेनिस, स्केटिंग अशा खेळांची सोय असलेली छावणीतली सार्वजनिक जागा. बॉम्बे जिमखाना १८७५ चा. भारतातला पहिला कसोटी सामना तिथेच, डिसेंबर १९३३ मध्ये झाला. लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या. पण तो क्लब गोऱ्यांचा, म्हणून पारशी, मुसलमान, हिंदूंनी आपापले काढले. ते मरीन ड्राइव्हला आजही आहेत. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. तिथल्या शर्यती पाहून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवायचं मनावर घेतलं. पुणेकर मात्र नुसतं ‘डेक्कन’ म्हणतो, जिमखाना गिळून टाकतो!

इंग्लंडात हा शब्द घोड्यावर बसला. तिथे जिमखाना म्हणजे मुलांच्या तट्टांच्या शर्यती: रोवलेल्या काठ्यांमधून तट्टू नागमोडी काढायचं, चमच्यात अंडं धरून दौडायचं. मोटारींच्या जिमखान्यात काठ्यांऐवजी शंकू असतात. तिकडे वाढणाऱ्या आपल्या नातवंडांनी आमच्या पावतीवरची ‘जिमखाना फी’ वाचली, तर घोडा कुठे बांधलाय म्हणून विचारतील.

त्या खोलीवर आता ‘स्पोर्ट्स रूम’ अशी पाटी आहे म्हणे. कुणाला सुचलं, देव जाणे.

शब्दाइतकेच सर मैदान आखायच्या फक्कीच्या बाबतीतही काटेकोर. पुरुष कबड्डीचं १३ बाय १० मीटरचं मैदान आखताना कोपरा काटकोनात यावा म्हणून दोरीने ३-४-५ च्या त्रिकोणात धरायचा. चारही बाजू बरोबर येऊनही मैदान तिरकं बसू शकतं, म्हणून दोन्ही कर्ण १६.४० मीटर भरल्याशिवाय फक्कीला हात लावायचा नाही. मधल्या रेषेपासून बॉक लाइन, म्हणजे चढाई करणाऱ्याने ओलांडायची रेषा, ३.७५ मीटर; तिच्यापुढे, मागच्या रेषेकडे, एक मीटरवर बोनस लाइन. फीत सैल धरली की पहिली चूक तिथेच होते, म्हणून फितीच्या टोकाला सर स्वतः बसत, धोतराला फक्की लागली तरी.