एसडब्ल्यूआर वाढला तेव्हा काम नीट चाललं होतं

हौशी रेडिओच्या १६० मीटर बँडवर पाव तरंगलांबीची उभी अँटेना म्हणजे जवळपास ४० मीटर. एवढा उंच खांब उभा करणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून फायबरग्लासच्या खांबावरून १८ मीटर तार सरळ वर नेली आणि उरलेली आडवी ताणली. हीच ती इन्व्हर्टेड एल.

सुरुवातीला जमिनीवर मोजक्याच रेडियल, म्हणजे पायथ्यापासून चहूकडे पसरलेल्या तारा, होत्या. ॲनालायझर (अँटेनाचे ओहम मोजणारं यंत्र) थेट पायथ्याशी लावला, कारण केबलच्या दुसऱ्या टोकाला मोजलं की केबलमधला लॉस आकडे गोड करून दाखवतो. १.८३ मेगाहर्ट्‌झला रिॲक्टन्स (कॉइल किंवा कपॅसिटरसारखा विरोध) शून्य, रेझिस्टन्स ५० ओहम, म्हणजे केबलइतकाच. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते याचं माप, तंतोतंत १!

हा आकडा बघून बरेच जण थांबतात, आणि मला वाटतं लो बँडवरच्या (कमी फ्रिक्वेन्सीवरच्या) निम्म्या निराशेचं मूळ इथेच आहे. १८ मीटर उभ्या भागाच्या अशा एलचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लहरी खरोखर हवेत टाकणारा वाटा, साधारण १६ ओहम येतो. मग उरलेले ३४ कुठले? मुख्यतः जमिनीचे. म्हणजे १०० वॅट दिले तर जेमतेम ३२ वॅट हवेत जाणार, बाकीचे माती तापवणार.

मग रेडियल वाढवत गेलो. जमिनीवर पसरलेल्या रेडियल अमुक लांबीच्याच हव्यात असं नाही. थोड्या लांब तारांपेक्षा पुष्कळ आखूड तारा बऱ्या. १९३७ साली ब्राऊन, लुईस आणि एपस्टीन यांनी जमिनीतल्या तारांची मोजमापं प्रसिद्ध केली, त्यानंतर मध्यम लहरींच्या केंद्रांत १२० रेडियलचा पायंडा पडला. आपल्याला तेवढ्या नकोत, पण पहिल्या काही डझनांत फरक ढळढळीत दिसतो. रेझिस्टन्स उतरत उतरत २४ वर आला आणि एसडब्ल्यूआर २ च्या वर गेला. हीच तर हवी होती ती बातमी: आता १०० पैकी ६७ वॅट बाहेर जात होते. म्हणजे ३ डेसिबलची, दुपटीची कमाई, तीही ॲम्प्लिफायरशिवाय.

राहिलं मॅचिंग, म्हणजे हे २४ ओहम पुन्हा केबलच्या ५० शी जुळवणं. तार थोडी आखूड केली, म्हणजे रिॲक्टन्स उणे २५ ओहमवर आला. मग पायथ्याला, तार आणि रेडियल यांच्यामध्ये, ४.२ मायक्रोहेन्रीची कॉइल टाकली. ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर पाच सेंटिमीटरात नऊ-दहा वेढे पुरतात. मी दोन वेढे जास्त घेतले आणि मगरचिमटा एकेका वेढ्यावर सरकवत ॲनालायझर बघत राहिलो. चिमटा योग्य वेढ्यावर बसला तशी एसडब्ल्यूआरच्या आलेखाची दरी खाली १.१ पर्यंत उतरली. शेवटची बारीक जुळणी वेढे बोटांनी किंचित विरळ करून केली, आणि मगच टॅप, म्हणजे चिमट्याच्या जागचा जोड, डाखला. तारेवर साचणारा स्थिर विद्युतभार याच कॉइलमधून जमिनीत उतरतो, हा वरचा फायदा.

एसडब्ल्यूआर २ च्या आत राहणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा आता आधीपेक्षा अरुंद झाला आहे. लॉस घटल्याची तीही एक खूण. रेडियल अजून टाकायच्या आहेत. २४ चे २० ओहम झाले की कॉइलचा एखादा वेढा कमी करावा लागेल.