आम्ही तिकडं बोलायलोत, अन् इकडं ठराव झाला बी?

लातूरच्या प्रशिक्षणवर्गात त्या दिवशी सरपंच, सदस्य, शेतकरी गट मिळून ३५ जण होते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेवर भाषण देण्यापेक्षा परिषदच भरवली. १२ टेबलं, प्रत्येक टेबल म्हणजे देशांचा एक गट, तीन-तीन माणसं. लहान बेटांच्या टेबलाला मात्र दोघीच.

हवामानबदलाशी झुंजायला श्रीमंत देशांनी गरीब देशांना किती पैसा द्यायचा, याचा मसुदा एका वाक्याचा होता: 'विकसित देश २०३५ पर्यंत दरवर्षी [३००] [१३००] अब्ज डॉलर [देतील] [जमवतील].' चौकोनी कंस म्हणजे न मिटलेला वाद. शेवटच्या दोन शब्दांवर पाऊण तास गेला, आणि तो जायलाच हवा होता. 'देतील' म्हटलं की तिजोरीतून पैसा काढावा लागतो. 'जमवतील' म्हटलं की बँकांची कर्जं आणि खासगी गुंतवणूकही हिशेबात घुसते. २०२४ साली बाकूच्या हवामान परिषदेत ३०० अब्जांचं उद्दिष्ट मंजूर झालं, ते अशाच सैल भाषेत. भारताला बोलू देण्याआधीच तिथं अध्यक्षांचा हातोडा पडला होता, म्हणजे ठराव संमत झाला होता.

खऱ्या परिषदेत एकाच वेळी अनेक दालनांत बैठका चालतात, म्हणून आम्हीही पैसा, कार्बन बाजार (प्रदूषण-कपातीच्या श्रेयाची खरेदी-विक्री) आणि अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं) अशा तीन खोल्या केल्या. बेटांच्या दोघी बाकीच्या दोन खोल्यांत अडकल्या आणि इकडे पैशाचा ठराव संमत झाला. त्यातल्या एक ताई दारातूनच म्हणाल्या, "आम्ही तिकडं बोलायलोत, अन् इकडं ठराव झाला बी?" २०२३ मध्ये दुबईत बेटांच्या वतीने सामोआच्या प्रतिनिधीने हेच सांगितलं होतं: निर्णय झाला तेव्हा आम्ही सभागृहात नव्हतो.

"गावात कोरम नसला तर सभा तहकूब होते. तिथं मतदान तरी घेतेत का?" एका सरपंचांनी विचारलं. घेत नाहीत. १९९५ च्या बर्लिन परिषदेपासून कार्यपद्धतीतला मतदानाचा ४२ वा नियम मंजूरच झालेला नाही. त्यामुळे सगळं सर्वसहमतीवर, आणि सहमती झाली की नाही हे अध्यक्ष ठरवतात. २०१० मध्ये मेक्सिकोतल्या कानकुनच्या परिषदेत बोलिव्हियाची उघड हरकत डावलून ठराव झाला. पुढच्या वर्षी मेक्सिको आणि पापुआ न्यू गिनीने सुचवलं, की एकमत होतच नसेल तर शेवटी तीन-चतुर्थांश मतांनी निर्णय घ्यावा. तो प्रस्ताव मार्गी लागला नाही.

दुसऱ्या फेरीत तोच तीन-चतुर्थांश मतांचा नियम लावला. एका वेळी एकच बैठक ठेवली आणि मसुदा अर्धा तास आधी भिंतीवर चिकटवला. १३०० अब्ज आणि 'देतील' यांच्या बाजूने ९ टेबलं, विरोधात ३. ठराव जिंकला. पण ती तीन टेबलं नेमकी पैसे देणाऱ्यांची होती, आणि त्यांनी सरळ सांगितलं, "करा ठराव. आम्ही देत नाही."

इथेच मॉन्ट्रियल करार कामाला येतो. ओझोनचा थर वाचवण्याच्या त्या करारात, थराला घातक वायूंची कपात मतांनी ठरवायची वेळ आली तर दोन-तृतीयांश मतं लागतात, शिवाय विकसित आणि विकसनशील अशा दोन्ही बाजूंचं वेगवेगळं बहुमतही. त्याच्या निधीच्या कार्यकारी समितीतही दोन्हीकडचे ७-७ सदस्य असतात. कुणालाच दुसऱ्याला वगळून पुढे जाता येत नाही.

तिसरी फेरी या दोन्ही बाजूंच्या बहुमताच्या नियमाने सुरू केली. साडेपाचची एसटी गाठायची म्हणून ती अर्ध्यावर थांबवली, तेव्हा आकडा १३०० वरून खाली आला होता, पण पैसे देणाऱ्या तीनपैकी दोन टेबलांनी 'जमवतील' खोडून 'देतील' ठेवलं होतं.