शेवंतीची झोप

आमच्या इंदूरच्या घराच्या भिंती जुन्या आणि जाड, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला आतून हातभर रुंद कट्टा सुटलाय. एरवी त्यावर किल्ल्या, चष्मा, विजेची बिलं आणि जोडी हरवलेला एखादा मोजा. गणपती गेले की मात्र मला तो सजवायची हुक्की येते, कारण त्या सुमारास तिथे ऊन उतरायला लागतं.

कर्कवृत्त उज्जैनच्या जरा वरून जातं, म्हणजे आम्ही त्याच्या खालचे. जूनमध्ये भर दुपारचा सूर्य डोक्यावर, खरं तर किंचित उत्तरेलाच. दक्षिणेच्या खिडकीकडे तो ढुंकून बघत नाही. आश्विनात तो कलतो आणि ऊन कट्ट्यावर चढतं, मग हळूहळू खोलीत शिरतं. मांजराला हे माझ्याआधी कळतं.

यंदा सजावट लेकीनं हातात घेतली. तिच्या मोबाइलमधल्या ‘ऑटम’मध्ये लालपिवळी पानं होती आणि भोपळे होते. पानं आणायची कुठून? आमचे पिंपळ-कडुनिंब पानं गाळतात ते होळीच्या आगेमागे. आश्विनात सगळं पावसानं धुतलेलं, हिरवंगार. भोपळा मिळाला. तीन दिवस तो कट्ट्यावर ऐटीत बसला, चौथ्या दिवशी सासूबाईंनी त्याचे घारगे केले. “शोभेचा आहे म्हणून कुणी सांगितलं होतं का मला?” घारगे उत्तम झाले होते, त्यामुळे वाद वाढला नाही.

त्याच्या जागी मी शेवंतीची कुंडी आणली. नर्सरीवाला तिला गुलदावदी म्हणतो. खाली जुन्या गोधडीचा तुकडा, शेजारी कान तुटलेली लोणच्याची बरणी, आणि वर लेकीनं लावलेली दिव्यांची माळ, रात्रभर चालू. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात खाऊन-पिऊन उशिरा परतताना गल्लीच्या तोंडापासून आमची खिडकी दिसायची आणि उगाच ऊर भरून यायचा.

शेवंती मात्र पानांवर पानं काढत सुटली. कोजागिरी आली तरी कळीचं नाव नाही. त्याच नर्सरीतून त्याच दिवशी आणलेली शेजारच्या काकूंची कुंडी मागच्या अंधाऱ्या गॅलरीत पडून होती, आणि तिच्यावर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या कळ्याच कळ्या.

“अगं, तिला झोपू कुठे देता तुम्ही?” काकू म्हणाल्या.

खरंच होतं ते. शेवंती रात्र मोजते. रात्र लांबत चालल्याचं कळलं की ती कळी धरते. मध्येच उजेड पडला तर तिच्या लेखी रात्र झालीच नाही. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणून जिचे गोडवे गातात ती दाराशी आलेली, आणि आम्ही चिनी माळ लावून तिला परतवत होतो.

माळ त्याच दिवशी उतरवली. लेक दोन दिवस फुरंगटून होती. दिवाळीत सासूबाईंनी कट्ट्यावर एकच पणती ठेवली, ती तासाभरात आपोआप शांत व्हायची. कळ्या दिवाळीनंतर आल्या, आणि फुलं उमलली तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. पिवळी, बारकी, खूप.

तोवर ऊन सोफ्याच्या पायापर्यंत पोचलं होतं. मांजर कट्टा सोडून तिकडे गेलं होतं, गोधडीचा तुकडाही ओढत घेऊन.