तीन गोळ्या आणि एक स्प्रिंग

नौपाड्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. हार्ट फेल्युअरचं, म्हणजे हृदयाचं पंपिंग दुबळं पडल्याचं, निदान होऊन दीड वर्ष झालं होतं. गोळ्या चालू, मीठ बेतानं, पाणी मोजून, सकाळी उठलं की आधी वजनकाटा. तरी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबावं लागायचंच. त्यात घोरणं. एका रात्री हिनं गदागदा हलवून उठवलं. "अहो, श्वास थांबला होता तुमचा. वीसपर्यंत आकडे मोजले मी!"

झोपेची तपासणी झाली. बोटाला क्लिप, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. आकडा आला ३४, म्हणजे तासाला इतक्या वेळा श्वास अडत किंवा अर्धवट राहत होता. ३० च्या वर गेलं की तीव्र. माझा घसा झोपेत मिटत होता, म्हणून सीपॅप मशीन आलं, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं. हृदयाच्या पेशंटमध्ये कधी कधी मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही, त्याचा उपचार वेगळा. शेजाऱ्याचं मशीन उसनं आणून भागत नाही ते त्यामुळे.

डॉक्टर म्हणाले, श्वासाचे स्नायूही दुबळे झालेत, त्यांना व्यायाम द्या. मी मेडिकलमध्ये जाऊन "श्वासाच्या व्यायामाचं यंत्र" मागितलं. त्यानं तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं दिलं, श्वास ओढला की त्या नळ्यांत वर चढतात. दोन आठवडे नातवासमोर ऐटीत गोळ्या उचलल्या. फिजिओथेरपिस्ट मुलगी हसायलाच लागली. "काका, हे नाही हो!"

गोळ्या हवेच्या वेगावर चढतात. स्नायूंच्या व्यायामाच्या नळीत स्प्रिंगची झडप असते. ठरलेल्या जोरानं ओढल्याशिवाय ती उघडतच नाही, मग श्वास सावकाश घ्या की भरभर. थोडक्यात, श्वासाचा डंबेल.

आधी तिनं माझा श्वास ओढण्याचा जोर मोजला: ४८ सेंटिमीटर पाणी (हे दाबाचं माप). वयाच्या मानानं बराच कमी. त्याच्या ३० टक्के धरून नळी १५ वर लावली. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा.

नाकाला चिमटा, ओठ घट्ट, ओढलं की झडप फस्स करून उघडते. पहिल्या दिवशी निम्मी लाळ लुंगीवर. दहा श्वासांत गरगरलं, कारण मी घाईघाईत ओढत होतो. खांदेही कानांपर्यंत जायचे. ती खांद्यांवर हात ठेवून म्हणायची, "काका, पोट पुढे येऊ दे. सोडताना घाई नको."

तिसऱ्या आठवड्यात अंगात आलं. नळीवर ४१ पर्यंत खुणा आहेत, मी परस्पर ३५ वर फिरवली. दोनदा उघडली, मग ढिम्म. कानशिलं ठणकायला लागली. फोनवर तिनं जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. जोर पुन्हा मोजूनच नळी वाढवायची, तीही थोडी थोडी.

दहा आठवड्यांनी जोर ६६ भरला. आता जिन्यात थांबतो तो थेट दारात, किल्ली शोधायला. तलावपाळीचा एक फेरा बाकावर न बसता होतो. इकोतला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतला, पंपिंगचा आकडा मात्र ३० टक्के होता, तो ३० च आहे. सीपॅप सोडू का, असं विचारून पाहिलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

नळी कोमट साबणपाण्यात धुऊन चहाच्या गाळणीशेजारी वाळत असते. ही अजून रात्री एकदा जागी होतेच. मास्कचा पट्टा घसरलाय का, चाचपते आणि कूस बदलते.